नावाचा पैलवान आणि चैत्रातला डोंगर

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात राहणाऱ्या या भगिनी ३६ वर्षांच्या असून नोकरी करतात. घरात पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांचा लॅब्रॅडोर कुत्रा आहे. कुत्र्याचे नाव पैलवान, वजन ३८ किलो. गुढीपाडव्याला जोडून सुट्टी मिळते आहे आणि तीन कुटुंबांनी मिळून दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत केला आहे. मित्रमंडळींचा कल दाजीपूरकडे आहे. पतींना पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पावनखिंडीपर्यंत चालत जायचे आहे. भगिनींची अट एकच आहे, ती म्हणजे पैलवान बरोबर हवा. ‘वसंतात हवा छान असते, डोंगर मोकळा असतो, त्याला एकदा तरी मनसोक्त पळू द्यावे असे वाटते. बोर्डिंगमध्ये ठेवले तर तो दोन-दोन दिवस जेवत नाही. बरोबरच्या एका मैत्रिणीला कुत्र्यांची थोडी भीती वाटते, पण ती जुळवून घेईल. कुत्रा नेता येईल अशी चांगली जागा सुचवा,’ असे त्या लिहितात.

ताई, तुमच्या पत्रात तीन-चार जागांची नावे आहेत, पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या पैलवानाविषयी मला त्याचे वय, त्याचे वजन आणि त्याचा बोर्डिंगमधला उपवास एवढेच कळले. तो रोज किती चालतो, उन्हात कसा वागतो, म्हैस दिसली की काय करतो आणि पळत सुटल्यावर एका हाकेत परत येतो का, हे तुम्ही लिहिले असते तर माझे निम्मे उत्तर तिथेच झाले असते. जागा निवडताना आपण नकाशा उघडतो. कुत्रा बरोबर असेल तर आधी कुत्र्याकडे बघावे लागते, आणि अडतीस किलोंचा, सहा वर्षांचा, बहुधा फ्लॅटमध्ये वाढलेला लॅब्रॅडोर हा नावाने पैलवान असला तरी तालमीत गेलेला पैलवान नव्हे, असे मी गृहीत धरतो. या जातीच्या नराचे वजन साधारण २९ ते ३६ किलोंच्या दरम्यान असावे असे मानले जाते. वरचे दोन किलो आपल्याला किरकोळ वाटतात, चढावर त्याच्या कंबरेला आणि खुब्यांना ते किरकोळ वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट वसंताची. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा आहे आणि त्याचे जे चित्र आपल्या मनात असते, त्यात कोवळी पालवी, मोहोर आणि कोकीळ असतात. ते चित्र खोटे नाही. पळस, पांगारा आणि काटेसावर याच सुमारास फुललेली असतात आणि घाटमाथ्यावर अंजनीची जांभळी फुलेही दिसू लागतात. पण ही झाली झाडांची गोष्ट, कारण झाडांची मुळे खोल गेलेली असतात. पाडव्याच्या सुमारास कोल्हापुरात दुपारचा पारा ३५ अंशांच्या घरात पोचलेला असतो. ओढे आटलेले असतात, गडांवरच्या टाक्यांत हिरवट पाणी तळाशी उरलेले असते आणि गवत वाळून कडकडीत झालेले असते. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांमधून येतो तो नाममात्र, बाकी सारी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर असते. त्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि ते ४१ अंशांच्या पुढे गेले की जिवावर बेतते. मधे अंतर किती थोडे आहे ते पाहा. त्यातून जाड, दुपदरी केसांचा लॅब्रॅडोर हा मूळचा थंड पाण्यात उतरणारा कुत्रा आहे, तापलेल्या जांभ्या दगडावर चालणारा नव्हे.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी आमच्या गावठी कुत्रीला घेऊन मसाई पठारावर गेलो होतो. सकाळी सातला निघालो, तेव्हा वारा इतका छान होता की आम्ही दोघेही खुशीत होतो. साडेनऊच्या सुमारास ती एकाएकी थांबली, आजूबाजूला बघू लागली आणि तिथल्या एकुलत्या एका खुरट्या झुडपाच्या, हातभरही नसलेल्या सावलीत जाऊन बसली. पठारावर सावली कुठे असणार! बाटलीतले उरलेसुरले पाणी तिच्या पोटावर ओतून, पुढचा अर्धा रस्ता तिला खांद्यावर टाकून मी परत आलो. ती चौदा किलोंची होती, म्हणून जमले. तुम्हाला एकच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर तुम्ही पतींच्या समोर बसून द्यावे: पैलवान वाटेत बसला, तर अडतीस किलो उचलणार कोण?

आता तुमच्या मित्रमंडळींच्या दाजीपूरविषयी. तिथे कुत्रा नेता येणार नाही, आणि हा विषय इथेच संपतो. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले हे जंगल आज राधानगरी वन्यजीव अभयारण्य आहे, आणि पश्चिम घाटातली जी ठिकाणे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत त्याचा समावेश आहे. पाळीव कुत्र्याला तिथे मज्जाव आहे, त्याला कारणे आहेत. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा रोग जंगली प्राण्यांत गेला की हाहाकार होतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये याच रोगाचा विषाणू सापडला होता. तुमच्या कुत्र्याला लस दिलेली असेल, पण फाटकावरचा वनरक्षक प्रत्येकाचे लसीचे कार्ड तपासत बसू शकत नाही. दुसरे कारण तुमच्याच जिवाचे आहे. कुत्रा गव्यावर भुंकतो, गवा बिथरतो, आणि घाबरलेला कुत्रा पळून जातो तो थेट मालकाच्या पायाशी. हजार किलोंच्या घरातला नर गवा त्याच्या मागोमाग येतो. मोकळ्या कुत्र्यामुळे जंगलात माणसे अडचणीत येतात ती बहुधा अशीच.

पतींच्या बेताविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण त्यात भावना गुंतलेली आहे आणि ती मला कळते. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालावी असे प्रत्येक कोल्हापूरकराला आयुष्यात एकदा तरी वाटते. पण शिवाजी महाराज ज्या वाटेने गेले ती जुलै १६६० मधली, आषाढातली, चिखलाची आणि ओढ्यांची वाट होती, आणि आजही ही मोहीम पावसाळ्यातच होते. पाडव्याला त्याच वाटेवर सावली नाही आणि पाणीही भरवशाचे नाही. शिवाय पन्हाळा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, २०२५ साली तो मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेला, आणि संरक्षित स्मारकात प्राणी नेण्यास १९५९च्या नियमांनी मनाई आहे. गावातल्या रस्त्यावरून पट्टा लावून कुत्रा फिरवणे वेगळे, त्याला घेऊन अंबरखान्यात किंवा सज्जाकोठीत शिरणे वेगळे. माझे मत विचाराल तर पतींची वाट पतींना श्रावणात त्यांच्या मित्रांबरोबर चालू द्या. त्या वाटेसाठी पैलवानाची सक्ती नको आणि पैलवानासाठी त्या वाटेची नको.

तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबलो. एक म्हणजे ‘त्याला मनसोक्त पळू द्यावे.’ मोकळा डोंगर हा खरे तर कधीच मोकळा नसतो. आपल्याला रिकामे दिसणारे पठार धनगरवाड्यातल्या म्हशी-शेळ्यांचे कुरण असते. चैत्रात तिथे टिटवी उघड्या दगडगोट्यांतच अंडी घालते आणि चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो, आणि पळणाऱ्या लॅब्रॅडोरच्या चार उड्यांत त्यांचा हंगाम संपू शकतो. धनगरांची राखणीची कुत्री परक्या कुत्र्याचे लाड करत नाहीत. कड्यांना याच दिवसांत आग्या मोहोळे लटकलेली असतात. म्हणून डोंगरावर दोन-तीन मीटरची मजबूत दोरी आणि छातीचा पट्टा, एवढेच त्याचे स्वातंत्र्य असावे. कुत्र्याला त्याचे दुःख होत नाही, त्याला वास घेत हळूहळू चालायला मिळाले की पुरते. मनसोक्त पळण्याची हौस बरेचदा आपली असते.

दुसरे वाक्य मैत्रिणीचे. ती जुळवून घेईल, हे तिने म्हटले आहे की तुम्ही तिच्या वतीने म्हटले आहे? घरी आलेल्या घाबरट पाहुण्यासाठी आपण कुत्र्याला दुसऱ्या खोलीत बांधतो. तंबूत दुसरी खोली नसते आणि रात्री दोनला बाहेर जायचे झाले तर वाटेत कोण झोपले आहे हे तिला आठवत राहते. तिला एकटीला गाठून विचारा, सगळ्यांसमोर नको, कारण सगळ्यांसमोर ती ‘चालेल गं’ असेच म्हणेल.

आणि बोर्डिंगच्या उपवासाविषयी: धडधाकट कुत्रा अनोळखी जागी एक-दोन जेवणे टाळतो तेव्हा तो बहुधा आजारी नसतो, बावरलेला असतो. त्याच्या ओळखीच्या एखाद्या काकू किंवा भाऊ दोन दिवस तुमच्याच घरी येऊन राहिले तर तो कदाचित जेवेलही. त्याला मागे ठेवून जाणे म्हणजे त्याच्याशी दगाबाजी, असा जो सूर पत्रात आहे तो मला पटत नाही. पाडव्याचीच तारीख आणि तंबूच हवा असा सर्वांचा हट्ट असेल, तर पैलवानाने घरी राहावे असे मी स्पष्ट सांगेन.

पण तारीख आणि तंबू या दोन्हींना थोडे वळवता येत असेल, तर बेत जमण्यासारखा आहे. आपल्याकडे कुत्र्यासाठी वसंत येतो तो माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पहाटे गारवा असतो, ओढ्यांत कुठे कुठे पाणी असते आणि पळस तर फुललेलाच असतो. फक्त माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात, तेव्हा त्या बाजूच्या रस्त्यांवर पहाटेपासून अनवाणी माणसांची रीघ लागते, म्हणून ती दिशा टाळावी. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या वेळी तर जोतिबा-पन्हाळा परिसराचे नावच काढू नये. गर्दी, गुलाल आणि हलगी यांतले एकही कुत्र्याला मानवत नाही.

जागा म्हणाल तर माझी पहिली पसंती भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या बाजूला आहे. मौनी महाराजांच्या मठाचे आणि अलीकडे मधाचे गाव म्हणून नाव झालेले हे गाव वेदगंगेच्या खोऱ्यात आहे, जवळ धरणाचे पाणी आहे आणि झाडी भरपूर आहे. इथे एखाद्याच्या खाजगी शेतघरात, मालकाला कुत्र्याची कल्पना आधी देऊन मुक्काम करावा, अंगणात मुलांसाठी तंबू ठोकावा आणि कुत्र्याला रात्री पक्क्या खोलीत घ्यावे. तिथून रांगण्याची वाट जवळ असली तरी ती घनदाट जंगलातून आणि गव्यांच्या वावरातून जाते, तेव्हा कुत्र्यासह तो मोह नको. त्याऐवजी भुदरगड बघावा. गारगोटीहून पेठ शिवापूरमार्गे गाडी वरपर्यंत जाते, माथा सपाट आहे, वर तलाव आहे, आणि कुत्रा थकला तर दहा मिनिटांत गाडीत बसवता येतो, या एका गुणासाठी मी कितीतरी देखणे गड बाजूला ठेवीन. भैरवनाथाच्या देवळात जाताना एकाने कुत्र्याबरोबर बाहेर थांबावे, हे सांगायला नकोच. गडहिंग्लजजवळचा सामानगड असाच सोयीचा आहे, झाडीही बरी आहे, पण तो पूर्वेकडे असल्याने ऊन लवकर चढते, म्हणून तिथे मुक्काम न करता पहाटेची फेरी मारावी. थंडाव्यासाठी आंबा गावचा विचार करता येईल. मुक्कामाची सोय आहे आणि गर्द सावली आहे, मात्र जंगल लगत असल्याने गावच्या वाटा सोडू नयेत. दोडामार्ग-तिलारीकडे मात्र या दिवसांत कुत्रा नेऊ नये असे मी म्हणेन. त्या पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, तो गोचिडांमार्फत पसरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा जोर असतो. कुत्र्याच्या अंगावरून गोचीड तंबूत यायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट सर्वच श्वानपालकांसाठी. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड परिसरातली बरीच जंगले गेल्या काही वर्षांत संवर्धन राखीव क्षेत्रे झाली आहेत. त्यामुळे ‘पूर्वी आम्ही इथेच तंबू टाकायचो’ या वाक्यावर विसंबू नये आणि वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. खाजगी शेत सोपे पडते ते यासाठीही.

तंबूत कुत्रा का झोपवू नये, याचे कारण आपल्या भागात उघड आहे. उसाच्या फडात राहणाऱ्या बिबट्याला कुत्रा हे ओळखीचे खाद्य आहे, आणि तंबूचे कापड ही भिंत नव्हे. रात्री त्याला बाहेर सोडायचे झाले तर दोघांनी मिळून, हातात बॅटरी घेऊन, दोरीसह न्यावे.

तयारी आजपासून सुरू करा. आधी पशुवैद्याकडे नेऊन त्याचे वजन, हृदय आणि खुबे तपासून घ्या, रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोच्या लसी चालू आहेत का ते पाहा आणि गोचिडांविरुद्धचे औषध निघण्याआधी पुरेसे दिवस सुरू करा. मग सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, उजाडायच्या आत रंकाळ्याभोवती फिरवून आणा आणि रविवारी कळंब्याच्या पुढे कात्यायनीच्या डोंगराकडे न्या. पहिल्या रविवारी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत दोन तास. तिथे तो धापा टाकत बसला तर भुदरगडाचा प्रश्न आपोआप निकालात निघेल. प्रत्यक्ष सहलीत पावणेसहाला निघून नऊपर्यंत सावलीत परतायचे. वाटेवरच्या दगडावर हाताची पालथी बाजू सात-आठ सेकंद ठेवून बघायची, ती भाजली तर त्याचे पंजेही भाजतात. नुसते बसून राहिले तरी या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला दोन लिटरहून अधिक पाणी लागते, चालताना याच्या दुप्पट धरा आणि ते घरून न्या. हिरवा तवंग असलेल्या डबक्यात तोंड घालू देऊ नका. तो अडखळू लागला, हिरड्या लालभडक झाल्या किंवा लाळ घट्ट झाली, तर आधी सावलीत घेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मगच गाडी डॉक्टरकडे काढा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही ठेवायचे नाही.

आणि जेवण. तीन कोल्हापुरी कुटुंबे म्हणजे चुलीवर मटण होणारच, त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. मात्र तांबडा असो की पांढरा, रश्शात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. शिजलेली नळी चावली की तिच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या आतड्यात रुततात. मुलांच्या खिशातली मनुके आणि चॉकलेटेही त्याला विषासारखी आहेत, आणि ताप-दुखीची माणसांची गोळी तर कधीच देऊ नये. त्याचे नेहमीचे खाणे मोजून वेगळ्या डब्यात न्या आणि ‘एवढासा तुकडा’ देणाऱ्या काकांवर लक्ष ठेवायला तुमच्या मुलाला नेमा. नऊ वर्षांचे पोर हे काम फार निष्ठेने करते. चूल पेटवायची ती अंगणातल्या मोकळ्या मातीवर, कारण वाळलेल्या गवतात एक ठिणगी गेली की वणवा लागायला वेळ लागत नाही.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी पैलवानाचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचे मूळ बोटांनी चाचपून पाहा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, रॉकेल किंवा काडी लावू नका. गोचीडताप लगेच दिसत नाही, म्हणून पुढचे तीन आठवडे तो मलूल वाटला, जेवणावरची वासना गेली किंवा नाकातून रक्त आले, तर डॉक्टरांना सर्वांत आधी हे सांगा की तो डोंगरावर जाऊन आला आहे.